तीन मिलिंद

भायखळ्याच्या आमच्या चाळीत एकाच मजल्यावर तीन मिलिंद होते. कुणी "अरे मिलिंद!" अशी हाक मारली की तिन्ही दारं उघडायची आणि लगेच बंद व्हायची, कारण काम दळणाचं असायचं. पहिल्याच्या आईनं नाव कोशात पाहून ठेवलेलं. मिलिंद म्हणजे भुंगा. (पोरगा गुणगुणत नसे, रेकत असे.) दुसऱ्याचे वडील उसळायचे, "भुंगा कसला? राजा आहे राजा! ग्रीक!"

आणि ते खरंच. मिनँडर हा यवन राजा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पंजाबात राज्य करीत होता. नाण्याच्या एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. आपल्या बेस्टच्या पाट्याच म्हणा ना! पालीत त्याचा मिलिंद झाला. भिक्खू नागसेनाशी वाद घालायला गेला, तेव्हा नागसेनानं बजावलं: पंडितासारखा बोलणार असलास तर बोलतो, राजासारखा नाही; राजे विरोध करणाऱ्याला शिक्षा देतात. राजानं चक्क मान्य केलं. (आमचे घरमालक या पायरीला कधी आले नाहीत.) नागसेनानं विचारलं होतं, "रथातून आलास ना? मग रथ कुठला? चाक की आस?" राजा रागावला नाही.

बाबासाहेबांनी 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेलं कॉलेज पुढे याच राजाच्या नावानं ओळखलं गेलं, परिसर झाला नागसेनवन. दुसऱ्याचे वडील तिथलेच. घरातले पहिले पदवीधर. पोराचं नाव त्यांनी हौसेनं नव्हे, हट्टानं ठेवलं होतं.

तिसऱ्याच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "दिवसभर तीच हाक कानावर. दुसरं सुचणार काय?"