कुंभार्ली घाट आणि न फिरलेला पंखा

चिपळूणहून कऱ्हाडला निघालात, की पोफळीपर्यंत गाडी खुशीत धावते. कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून इथे उतरते, जमिनीखालच्या वीजगृहातली चक्रे फिरवते आणि वाशिष्ठीला मिळते. पाणी खाली येते, पण आपल्याला वर जायचे असते. कुंभार्ली घाट इथूनच लागतो.

मे महिन्याची दुपार. जीपमध्ये मागे आंब्याच्या पेट्या, शेजारी आई. दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला तिच्या डोळ्याचे ऑपरेशन. जीप वडिलांच्या वेळची. मूळ इंजिन दमले म्हणून एका मोटारीचे पेट्रोल इंजिन बसवलेले. (तुम्हाला असे करायचे असेल, तर आधी आरटीओची परवानगी घ्या, नाहीतर पुढे निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.) जुन्या इंजिनाचा पंखा पट्ट्यावर फिरे, इंजिन चालू, की पंखा चालू. या इंजिनाचा पंखा विजेवरचा. पाणी नव्वद-पंचाण्णव अंशांपर्यंत तापले, की रेडिएटरवरचा स्विच रिलेला चालू करतो आणि रिले पंख्याला बॅटरीची वीज देतो.

चार वळणे चढलो आणि काटा लाल रेघेला भिडला. सपाटीवर वेगाचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, त्यामुळे पंखा बंद असल्याचे कळतसुद्धा नाही. घाटात गाडी रांगते, वारा मिळत नाही. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, चाकामागे दगड लावला.

"पाणी ओत की रे," आई म्हणाली. मंडळी, तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते; वाफ तोंडावर येते. पाऊण तास आम्ही करवंदीच्या सावलीत बसलो. आई काही बोलली नाही, पण पदराच्या टोकाशी चाळा चालला होता.

मग एकेक तपासले. फ्यूज शाबूत होता. बॅटरीच्या दोन्ही टोकांवरून दोन वायरी थेट पंख्याला दिल्या; तो फिरला. म्हणजे मोटर धड. किल्ली फिरवून स्विचच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या. रिले 'टिक्' वाजला, पंखा मात्र ढिम्म. (पंखा केव्हाही सुरू होतो, बोटे लांब ठेवा.) आता पंख्याची काळी वायर बॅटरीच्या वजा टोकाला लावून पुन्हा तसेच केले, आणि पंखा भणभणला! दोष अर्थिंगचा. इंजिन बसवणाऱ्याने ती वायर रंगावरच आवळली होती. खाली गंज धरला होता. कोयत्याच्या टोकाने पत्रा खरवडून लखलखीत केला, बोल्ट पुन्हा घट्ट आवळला.

एक गोष्ट मात्र विसरू नका. रेडिएटरच्या पुढे कागद धरून बघा. पंखा मागे बसवलेला असेल, तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडाला, तर वायरी उलट्या आहेत आणि पंखा समोरच्या वाऱ्याशीच भांडतो आहे.

रेडिएटर हाताला गार लागल्यावर पाणी भरले आणि निघालो. माथा ओलांडून हेळवाकला चहासाठी थांबलो तेव्हा इंजिन चालूच ठेवले. काटा चढला, पंखा घरघरला, काटा उतरला. पंखा थांबला तशी आई दचकली. "बिघडला का रे परत?"

"नाही गं, त्याचं काम झालं," मी म्हटले, तेव्हा कुठे तिने चहाचा कप तोंडाला लावला.