लोणच्याच्या वाटीतला खाऊ

वजन कमी करण्यासाठी केल्या जाणाऱ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो. उरते ती एक अरुंद नळी, आणि तिच्यात जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावते. गॅस्ट्रिक बायपासच्या प्रकारात नवी पिशवी त्याहून लहान, ३० मिलिलिटरच्या आसपास असते. पहिल्या काही आठवड्यांत आतली सूज ओसरलेली नसल्यामुळे प्रत्यक्षात तेवढेही जात नाही. दुसरीकडे जखम भरून येण्यासाठी आणि झपाट्याने वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झडू नयेत यासाठी दिवसाला किमान ६० ग्रॅम, बहुतेक आहारतज्ज्ञांच्या सांगण्यानुसार ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. जागा लोणच्याच्या वाटीएवढी आणि गरज भरल्या ताटाची, अशी ही विषम बेरीज. म्हणून या काळातल्या स्वयंपाकात जेवण फारसे नसतेच. दिवसभर दर दोन-अडीच तासांनी द्यायचा खाऊच असतो.

पुढील माहिती ठाण्यातील एका स्वयंपाकघरातून आलेली आहे. शस्त्रक्रिया झाली ती लेखकाच्या पत्नीची. स्वयंपाक आला लेखकाकडे, आणि त्यापूर्वी त्याची मजल चहा आणि ऑम्लेट यांच्यापुढे गेलेली नव्हती. पथ्याचे टप्पे प्रत्येक शल्यचिकित्सक थोडे वेगळे सांगतो. येथे दिलेले टप्पे त्या घराला सांगितलेले आहेत.

आजाऱ्याचे खाणे मराठी घराला नवे नाही. पेज, आटवल, मऊ भात, आरारूटाची लापशी, साबुदाण्याची पेज, नाचणीचे सत्त्व हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या तापातून उठलेल्या माणसाला दिले जातात. ते पचायला हलके असतात, पण जवळजवळ सगळे पिष्टमय. वाटीभर पेजेत प्रथिने असतात एक-दोन ग्रॅम. नेहमीच्या आजारात हे चालून जाते, कारण दोन दिवसांनी माणूस वरण-भातावर येतो. येथे तसे होत नाही. पेजेने वाटी भरली की कामाच्या पदार्थाला जागाच राहत नाही. लेखकाच्या आईने पहिल्याच आठवड्यात नाचणीच्या सत्त्वाचा मोठा डबा पाठवला आणि तो तसाच कपाटात राहिल्याचे तिला बरेच दिवस लागून राहिले. तिची समजूत शेवटी मुगाच्या कढणाने घातली गेली, कारण जुन्या पथ्यांपैकी त्यातल्या त्यात प्रथिनांच्या हिशेबात बसणारे ते एकच होते.

पहिला टप्पा पातळ पदार्थांचा, साधारण दोन आठवड्यांचा. सुरुवातीचे एक-दोन दिवस केवळ पाणी, गाळलेले सूप आणि तत्सम निवळ द्रव. त्यानंतर दूध, ताक, कढण. कढणासाठी ३० ग्रॅम सालविरहित मूगडाळ घेतली तर तीत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने येतात. डाळ चांगली गाळ शिजवून, मिक्सरमधून काढून, बारीक गाळणीने गाळायची. चवीला जिरेपूड, सैंधव, चिमूटभर हिंग. वरणावरचे निवळ पाणी मात्र फसवे असते. त्याला वास आणि चव डाळीची असते, डाळ तळाशी राहिलेली असते. कोंबडीच्या हाडांच्या किंवा पायाच्या सुपाचीही तीच गत. शक्तिवर्धक म्हणून पायाचे नाव मोठे, पण त्यातले प्रथिन मुख्यतः जिलेटिनचे, आणि जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. त्याच्यावर हिशेब पुरा होत नाही.

या टप्प्यात नुसत्या अन्नातून ६० ग्रॅम गाठणे जवळपास अशक्य असते, म्हणून डॉक्टर प्रथिनांची पावडर देतात. व्हे प्रथिनाच्या एका मापात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. लेखकाने पहिल्या दिवशी हे माप उकळत्या कढणात टाकले. व्हे उष्णतेने गोठते. कढणात रबरासारखे पांढरे कण झाले, ते गाळून काढावे लागले आणि प्रथिनांचा निम्मा भाग गाळणीतच राहिला. नंतरची रीत अशी ठरली : पावडर आधी दोन-तीन चमचे गार पाण्यात मोडून घ्यायची, कढणात बोट सहज ठेवता येईल इतके ते निवू द्यायचे आणि मगच दोन्ही एकत्र करायचे. गार ताकात हा प्रश्नच येत नाही. मात्र व्हॅनिलाच्या स्वादाची पावडर ताकात घालू नये. स्वाद नसलेली पावडर मिळते, ती घ्यावी.

वाढण्याची पद्धत पदार्थाइतकीच महत्त्वाची ठरते. लोणच्याची वाटी आणि बाळाला भरवायचा चमचा ही दोन भांडी पुरेशी होती. एक वाटी वीस ते तीस मिनिटांत संपवायची. घाई केली की छातीच्या मधोमध दाटून येते, तोंडाला पाणी सुटते आणि खाल्लेले वर येते. खाताना पाणी प्यायचे नाही, खाल्ल्यानंतरही अर्धा तास नाही. उरलेल्या वेळात घोट घोट करून दीड लिटरच्या आसपास पाणी पोटात जायला हवे असते. खाऊ आणि पाणी यांच्या वेळा एकमेकींवर येऊ लागल्या तेव्हा फ्रिजच्या दारावर तक्ता लावावा लागला.

दुसरा टप्पा वाटून गुळगुळीत केलेल्या पदार्थांचा, आणखी दोनेक आठवड्यांचा. येथे चक्का कामाला येतो. अर्धा लिटर गायीच्या दुधात सुमारे १६ ग्रॅम प्रथिने असतात. त्याचे दही मलमलच्या कापडात रात्रभर टांगून ठेवले की मूळच्या निम्म्याहून कमी वजनाचा चक्का उरतो आणि प्रथिनांचा मोठा भाग त्यात राहतो. म्हणजे तेवढ्याच वाटीत दह्याच्या दुपटीच्या आसपास प्रथिने. निथळलेली निवळी फेकू नये. पिठले सैल करायला ती उपयोगी पडते. चक्का म्हटला की मराठी मनात श्रीखंड येते, पण साखर येथे नको. बायपासनंतर साखरेचा पदार्थ लहान आतड्यात एकदम उतरला की धडधड, घाम, चक्कर आणि जुलाब असा त्रास होऊ शकतो, त्याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हमध्ये तो कमी आढळतो, तरी साखरेने जागा अडते हे आहेच.

गोड नको, तिखट नको, आणि फोडणीचा वासही नको अशी स्थिती होती. शस्त्रक्रियेनंतर अनेकांची चव आणि वासाची जाण काही काळ बदलते. या घरात मोहरी तडतडली की पत्नी बाल्कनीत जाऊन बसत असे. उपाय निघाला तो मेतकुटातून. मऊ भात, तूप आणि मेतकूट हे त्रिकूट कोणत्याही मराठी घरातल्या आजारपणाची खूण. त्यातला भात काढून त्या जागी चक्का ठेवला. तीन मोठे चमचे चक्का, पाऊण चमचा मेतकूट, मीठ आणि सैल करण्यापुरते दूध, एवढेच. मेतकुटात भाजलेली हरभराडाळ आणि उडीदडाळ असते, पण पाऊण चमच्याने प्रथिनांत फारशी भर पडत नाही. तो घातला जातो चवीसाठीच. कागदावरच्या आहारतक्त्यात हा पदार्थ नव्हता. आहारतज्ज्ञांना विचारून तो तक्त्यात घेतला गेला आणि दोन महिने रोज एकदा टिकला.

याच टप्प्यात अंड्याचे वाफवलेले कस्टर्ड येते. एक अंडे आणि १०० मिलिलिटर दूध मिळून सुमारे ९ ग्रॅम प्रथिने होतात. दुधात चमचाभर स्निग्धांशरहित दूधपावडर मिसळली तर आणखी दोन-तीन ग्रॅमची भर पडते. मिश्रण न फेसाळता हलवून गाळून घ्यायचे, मीठ-मिरपूड घालायची, वाटीवर झाकणी ठेवून मोदकपात्रात मंद आंचेवर दहा-बारा मिनिटे वाफवायचे. आंच मोठी झाली की कस्टर्डला भोके पडतात, पाणी सुटते आणि ते चामट होते. अंड्याला चिवटपणा तापमानाने येतो, त्यामुळे मध्यभाग किंचित थरथरत असतानाच गॅस बंद करावा. अंडी न खाणाऱ्यांच्या घरी तेवढेच मऊ काही हवे असेल तर घरचे पनीर ताजे असतानाच न दाबता, दुधाबरोबर वाटून घ्यावे. दुकानातले दाबलेले पनीर वाटले तरी रवाळच राहते.

तिसरा टप्पा मऊ घन पदार्थांचा. साधारण पाचव्या आठवड्यापासून तो सुरू होतो, आणि स्वयंपाक करणाऱ्याचा खरा कस येथे लागतो. कारण मऊ दिसणारा प्रत्येक पदार्थ या जठराला मऊ नसतो. ताजा पाव, कोरडा भात आणि पोळी हे नीट चावले गेले नाहीत तर त्यांचा गोळा होऊन ते अडतात. लेखकाने मोठ्या उत्साहाने मूगडाळीचा ढोकळा केला. जाळी उत्तम पडली होती आणि घातही तिनेच केला. दुसऱ्या घासाला ढोकळा छातीत अडकला, पुढची चाळीस मिनिटे बाथरूमच्या दाराशी गेली आणि त्यानंतर पत्नीने वाफवलेल्या कुठल्याही पदार्थाकडे आठवडाभर संशयाने पाहिले. फुगलेले, कोरडे आणि जाळीदार असे तीन गुण एकत्र आले की ते टाळावे. पाण्याने ढकलण्याचा मार्गही बंद असतो. पुढे त्याच पिठात दुधीचा कीस घालून, सोडा न घालता, पातळ थराच्या वड्या वाफवल्या. त्या ओलसर राहिल्या आणि विनातक्रार गेल्या.

या कसोटीला पुरेपूर उतरली ती सुरळीची वडी. तिच्यात बेसन आणि ताक या दोन्ही प्रथिनांच्या गोष्टी असतात, ती शिजवून घोटलेली असते, थर कागदासारखा असतो आणि जिभेवर विरघळते. अर्धी वाटी बेसनाला दीड वाटी ताक, हळद, मीठ, वाटलेले आले. गुठळी मोडून मंद आंचेवर सतत ढवळत राहायचे. थेंबभर मिश्रण ताटाला लावून सुटून येते का ते पाहायचे. एवढ्या मिश्रणात १२ ग्रॅमच्या पुढे प्रथिने जातात आणि ते दोन वेळांना पुरते. वरून खोबरे आणि मोहरीची फोडणी घालायची नाही, कारण खोबऱ्याचा चोथा आणि मोहरीचा दाणा दोन्ही टोचतात. एरवी या वड्या सुबक गुंडाळण्यातच सुगरणीची परीक्षा असते. लेखकाच्या वड्या महिनाभर ताटावरून चमच्याने खरवडूनच वाढल्या गेल्या. पोटाला आकाराशी देणेघेणे नव्हते.

कोकणातली कुळथाची पिठी हा दुसरा हुकमी पदार्थ. कुळथाच्या पिठात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिने असतात, पीठ आधीच भाजलेले असते आणि कोकमाच्या आंबटपणामुळे तोंडाला चव येते. लसूण तेलात परतण्याऐवजी उकडून वाटून घातला तर वासाचा त्रास कमी होतो. पिठी नेहमी भाताबरोबर खायची असते. येथे ती नुसतीच वाटीत, जरा दाट ठेवून द्यावी.

माशांत पापलेट सर्वांत सोपे. केळीच्या पानात गुंडाळून वाफवले की काट्यापासून पापुद्रे सुटतात. ओले बोंबील त्याहून मऊ असतात, पण त्यांत पाणी फार, म्हणून प्रथिने इतर माशांच्या मानाने कमी. मांदेली काट्यांमुळे बाद. कोंबडीचा खिमा रश्शात शिजवून रश्शासकट फिरवला तरच जातो. फ्रिजमधून काढून पुन्हा गरम केलेली कोंबडी दोऱ्यांसारखी होते आणि हमखास अडते, त्यामुळे ती रोज थोडीशीच करावी लागते.

उपवासाचा प्रश्न या घरात संकष्टीला आला. साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्याचे कूट सोडले तर सगळा पिष्टाचाच भाग, शिवाय ती चिकट. डॉक्टरांनी दिवसभर उपाशी राहण्याला साफ नकार दिला होता. आईशी वाटाघाटी होऊन दाण्याची पातळ आमटी, ताक आणि चक्का यांवर संकष्टी पार पडली. चंद्रोदयाची वाट पाहताना तक्त्यातले सहा खाऊ होऊन गेलेले होते, आणि आईने त्याकडे काणाडोळा केला.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात. झपाट्याने वजन घटल्याचा तो परिणाम असतो आणि बहुतेकांत पुढे थांबतो. प्रथिने कमी पडली तर तो वाढतो. या काळात खाऊवर भिस्त ठेवून गोळ्या सोडणे धोक्याचे असते. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि थायमिन यांची भर कोणत्याही वाटीतून पुरेशी पडत नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एका वेळी घेऊ नयेत. उलट्या सतत होत राहिल्या तर पदार्थ बदलत बसू नये; थायमिन झपाट्याने कमी होऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

दोन-अडीच महिन्यांनंतर घरातल्या नेहमीच्या स्वयंपाकातून वेगळे काढून देणे शक्य झाले. क्रम एवढाच पाळावा लागतो की आधी प्रथिनांचा पदार्थ, मग भाजी आणि जागा उरलीच तर चतकोर भाकरी. कामावर न्यायच्या डब्याला तीन कप्पे असतात : एकात उकडलेले अंडे, दुसऱ्यात मेतकूट घातलेला चक्का, तिसऱ्यात मुगाचे मऊ धिरडे. फुटाणे साधारण सहाव्या महिन्यापासून, मूठभर आणि सालपटे काढून. चक्का उन्हाळ्यात बर्फाच्या पिशवीशिवाय पाठवू नये. लोकलमधल्या दीड तासात तो आंबतो.