सहा मिनिटांचा फोन

तुरुंग हा शब्द आपल्या घरांत मोठ्याने उच्चारला जात नाही. आंदोलनात कोणी आत गेला, तर बाहेर आल्यावर त्याला हार घालून वाजतगाजत वस्तीत आणतात. पण मारामारीत किंवा पैशाच्या भानगडीत एखादा पोरगा आत गेला, तर 'तो पुण्याला कामाला आहे' असे सांगितले जाते. २०२४ च्या पावसाळ्यात माझ्या आक्काने शेजारणींना तेच सांगितले. आणि तसे सांगायला तिला मीच लावले होते. त्या खोटेपणाची कबुली द्यावी आणि ज्यांच्या घरी असा फोन येतो त्यांना चार उपयोगी गोष्टी सांगाव्यात, म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे.

मी सोलापुरात एका पतसंस्थेत कारकून आहे. आमचे वडील गिरणी कामगार होते. आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिने चौथीत शाळा सोडली आणि आईजवळ बसून बिड्या वळायला सुरुवात केली. त्या बिड्यांच्या पैशांतून माझी पुस्तके आली, फी भरली गेली आणि मी बी.कॉम. झालो. पुढे समाजाच्या कामात पडलो. जयंती, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्ड, मुलांचे अभ्यासवर्ग अशी कामे करताना चार लोक ओळखू लागले. स्टेजवर उभा राहून 'शिका' असे सांगू लागलो. आणि माझाच सख्खा भाचा एका भांडणात आरोपी म्हणून आत गेला. केस न्यायालयात आहे, म्हणून तिच्याबद्दल इथे काही लिहीत नाही. तो दोषी की निर्दोष हे न्यायालय ठरवील. मला सांगायचे आहे ते बाहेर राहिलेल्या आमच्याबद्दल.

सुरुवातीला तो सोलापुरातच होता. पुढे त्याला येरवड्याला हलवले. येरवडा हे नाव आपल्याला नवे नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी तिथेच फाशी दिली गेली. १९३२ साली पुणे कराराच्या वाटाघाटींसाठी बाबासाहेबांना त्याच तुरुंगात जावे लागले होते. पण आक्काला येरवडा कळला तो सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने. ज्यांच्या नावाची गाडी, त्यांचा शेवट जिथे झाला, तिथेच लेकराला भेटायला जायचे! गाडीभाडे, रिक्षा आणि बुडालेली दिवसभराची बिडी, असा सारा हिशेब जमवून ती दोन महिन्यांतून एकदा जायची. बाकीच्या दिवसांचा आधार म्हणजे फोन.

ही फोनची सोय कशी असते ते पुष्कळांना माहीत नसते. पूर्वी तुरुंगात नाणे टाकून बोलायचे कॉइन बॉक्स होते. ते डबे बाजारातूनच गेले, दुरुस्तीला सुटे भाग मिळेनात. मग २०२३ साली येरवड्यात स्मार्ट कार्डावर चालणारे फोन आले. आठवड्यातून तीन वेळा आणि प्रत्येक वेळी सहा मिनिटे, असे प्रमाण ठेवले गेले. बंदी बोलू शकतो ते आधी लिहून दिलेल्या आणि तपासून घेतलेल्या नंबरांवरच. मी आकड्यांचा माणूस, म्हणून हिशेब केला. आठवड्याची मिनिटे होतात १०,०८०. त्यातली आईच्या वाट्याला १८.

पण या अठरा मिनिटांची किंमत मोठी आहे. पत्राला अक्षर लागते. आक्काला वाचता येते ते अडखळत आणि लिहायचे म्हटले तर हात कापतो. माझ्याकडून पत्र लिहून घ्यायचे म्हणजे मनातले निम्मे गिळायचे. फोनला नुसता आवाज पुरतो. "जेवलास का रे?" एवढे विचारले की पुढचे सगळे तिला त्याच्या आवाजावरून कळते. सर्दी झाली आहे का, रडून आला आहे का, शेजारी कोणी उभा आहे का, हे ती बरोबर ओळखते.

आक्काच्या साध्या मोबाईलचे रिचार्ज कधी संपेल याचा नेम नसतो, म्हणून आम्ही पहिला नंबर माझा लिहून दिला. फोन मला यायचा आणि मी सायकलवर किंवा चालत दोन गल्ल्या ओलांडून तिच्याकडे पळायचो. ऑफिसात असलो तर तिच्या शेजारच्या मुलीला दुसऱ्या मोबाईलवरून फोन करून दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून धरायचो. अशी आमची व्यवस्था होती.

आता कबुली. एप्रिल २०२५ चा पहिला आठवडा होता. जयंतीच्या मिरवणुकीआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक असते, तिला मी बसलो होतो. समोर साहेब, बाजूला वेगवेगळ्या मंडळांचे अध्यक्ष. तरुणांना आवर कसा घालावा, यावर मी बोलत होतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पुण्याकडचा तोच ओळखीचा नंबर. शेजारच्या कार्यकर्त्याने सहज मान वळवून स्क्रीनकडे पाहिले. मी फोन कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला आणि आवाज बंद करून ठेवला. तो नंबर काय आहे हे कुणाला कळेल, तरुणांना शिस्त शिकवणाऱ्याचा भाचा कुठे आहे हे कुणी विचारील, अशी भीती वाटली. दुसरे काही कारण नव्हते.

वाचकहो, हा फोन साधा नसतो. तो एकाच बाजूने येतो. आपल्याला उलट लावता येत नाही. आपण कट केला की त्या माणसाची पाळी गेली.

आणि तो दिवस कोणता होता? त्याच सकाळी आक्काचे पित्ताशयाच्या खड्याचे ऑपरेशन झाले होते. ऑपरेशनची तारीख त्याला आधीच्या फोनवर तिनेच सांगितली होती. सगळे नीट पार पडले होते, आक्का शुद्धीवर येऊन पाणी मागत होती. ते सांगायला मला अर्धे मिनिट लागले असते.

पुढचा फोन चौथ्या दिवशी आला. त्याने 'जयभीम मामा' म्हटले नाही. त्याचा पहिला शब्द होता, "मामा, आई हाय का?" मला आधी कळलेच नाही. मी म्हणालो, "आहे की, घरी आहे." तो म्हणाला, "तसं नाही. हाय का?" मग माझ्या पायांतले बळ गेले. चार दिवस तो आई मेली असे धरून बसला होता. मामाने दोनदा फोन कापला म्हणजे मामाला सांगायला तोंड नाही, असा त्याने अर्थ काढला. त्या दिवसांत तो धड जेवला नव्हता, हे पुढे भेटीत कळले. मी धावत आक्काकडे गेलो आणि फोन तिच्या कानाला लावला. ती म्हणाली, "हाय रे लेकरा, काय झालंय मला?" पलीकडून बराच वेळ शब्द आला नाही. सहा मिनिटांतली दोन मिनिटे तो नुसता रडत होता आणि तीही त्याला थांबवत नव्हती.

फोन बंद झाल्यावर आक्काने मला विचारले, "भाऊ, त्या दिवशी फोन आला नव्हता का?" मी खरे सांगितले. ती रागावली नाही. म्हणाली, "तुझी लाज मोठी झाली रे." मला वाटते, तिने मारले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर एका रविवारी विहारात वंदनेनंतर मी उभा राहिलो आणि माझा भाचा तुरुंगात आहे, हे सर्वांसमोर सांगितले. कुजबुज झाली. घरी जाताना मात्र तीन बाया वाटेत थांबल्या. एकीचा मुलगा, एकीचा नवरा, एकीचा दीर. तिघीही आजवर 'कामाला आहे' असेच सांगत होत्या. त्यातल्या एकीचे सिमकार्ड बदलले होते. लिहून दिलेला जुना नंबर बंद आणि नवा कुठे, कसा नोंदवायचा हे माहीत नाही. पाच महिने तिला मुलाचा आवाज ऐकू आला नव्हता. लाजेपायी कुणाला विचारले नाही, एवढेच त्याचे कारण.

इथे थोडा विचार करू या. प्राध्यापक आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन जयंतीच्या दिवशी, एनआयएला शरण गेले. कोरोनामुळे त्या काळात तुरुंगातल्या प्रत्यक्ष भेटी बंद होत्या. ते सुटले २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी. त्यांच्या घरच्यांच्या काळजीबद्दल आपण बोललो, आणि बोलायलाच हवे होते. पण गल्लीतल्या बिडीवाल्या बाईचा मुलगा आत असेल तर तिच्याशी आपण का बोलत नाही? नाव नाही म्हणून? २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे खटला चालू आहे, गुन्हा सिद्ध झालेला नाही अशी. चौघांत तिघे! यांत अनुसूचित जातींच्या माणसांचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. ही माणसे आपल्याच घरांतली आहेत.

भेट आणि बोलणे ही कुणाची मेहेरबानी नाही, हेही लक्षात ठेवावे. १९८१ साली फ्रान्सिस कोराली मुलीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घरच्यांना आणि वकिलाला भेटण्याचा बंदीचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये येतो. ज्या संविधानाचा आपण अभिमान बाळगतो, त्याचे ते कलम तुरुंगाच्या भिंतीशी संपत नाही.

आता अनुभवातून आलेल्या काही गोष्टी. नोंदवलेला नंबर बदलू नका. बदलावाच लागला तर लगेच तुरुंगात कळवून नवा नोंदवून घ्या. ज्याच्या नावावर सिमकार्ड आहे त्याची कागदपत्रे जपून ठेवा. रिचार्ज संपू देऊ नका. फोनवर केसमधल्या घटनेची, साक्षीदारांची चर्चा करू नका. ती वकिलाशी समोरासमोर करावी. पुढची तारीख, वकिलाचा निरोप, घरातल्यांची तब्येत हे आधी कागदावर लिहून ठेवा. आम्ही कॅलेंडरच्या पाठीमागे लिहितो. पहिली दोन मिनिटे आईची, एक मिनिट त्याच्या लहान मुलीचे, मग कामाचे आणि शेवटचे अर्धे मिनिट पुन्हा आईचे. वाईट बातमी असेल तर लपवू नका. न कळलेली बातमी आतल्या माणसाच्या मनात दसपट होते, हे मी माझ्या चुकीतून शिकलो. ज्यांना प्रवास परवडत नाही त्यांनी ई-मुलाकात या सरकारी सोयीची चौकशी करावी. मोबाईलवर नोंद करून ठरल्या वेळी समोरासमोर पाहून बोलता येते. शिकलेल्या पोरांनी शेजारणीला हे करून द्यावे, त्याला पाच मिनिटे लागतात.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या नंबरावर फोन करावा. आणखी एक हिशेब प्रत्येक घरात मांडला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा निम्मा काळ आत काढला, तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. पूर्वी कधीच शिक्षा न झालेला असेल तर तिसरा हिस्सा पुरतो. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना हे लागू नाही, आणि एकाहून अधिक केसेस चालू असतील तरी नाही. कायदा लागू होण्याआधीच्या केसेसनाही तो लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. शिक्षा सात वर्षांची असेल तर तिसरा हिस्सा होतो दोन वर्षे चार महिने. हा आकडा आमच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिला आहे, आणि आक्का रोज रात्री एक दिवस खोडते.

मागच्या महिन्यात मी पुन्हा एका बैठकीला बसलो होतो. फोन वाजला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माफ करा, तुरुंगातून भाच्याचा फोन आहे, घ्यावा लागेल." कुणी काही बोलले नाही. एकाने उलट दार उघडून दिले. बाहेर येऊन फोन कानाला लावला तेव्हा पलीकडून आवाज आला, "जयभीम मामा. आई कुठंय?"

"थांब, पाच मिनिटं अजून आहेत, नेतो तिच्याकडं," असे म्हणत मी चालू लागलो.

माता-भगिनींनो आणि बंधूंनो, तुमच्या शेजारी असा एखादा फोन येत असेल. दार लोटून घेऊ नका. त्या माउलीला एवढेच विचारा, "काय म्हणतंय लेकरू?"

जयभीम.