व्यवहारशून्य कुळाची कैफियत

१८६९ साली सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री मेंडेलीव्हने तत्कालीन ६३ मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडताना काही घरे मुद्दाम मोकळी सोडली आणि पुढे १८७५ साली गॅलियम व १८८६ साली जर्मेनियम सापडून त्यांतली दोन भरली, ही हकीगत क्रमिक पुस्तकांतून भक्तिभावाने सांगितली जाते. मला मात्र, ज्याच्यासाठी एकही घर राखलेले नव्हते अशा एका संपूर्ण कुळाचे कुतूहल अधिक वाटत आले आहे.

मेंडेलीव्हची सारणी म्हणजे, नीट पाहिले तर, मूलद्रव्यांच्या परस्परव्यवहाराचे दप्तर होते. नावे अणुभाराच्या चढत्या क्रमाने लावावयाची हे खरे. परंतु कोणी कोणत्या रकान्यात बसावे याचा निवाडा होई तो, ऑक्सिजनाशी व हायड्रोजनाशी ते मूलद्रव्य कोणत्या प्रमाणात संयोग पावते यावरून. टेल्यूरियमचा अणुभार आयोडीनहून अधिक असतानाही आयोडीन त्याच्यानंतर, क्लोरीन-ब्रोमीनच्या पंक्तीस आले, ते याच साक्षीच्या बळावर. मग जे कोणाशीही देवाणघेवाण करीत नाही, त्याची अशा दप्तरात नोंद व्हावी तरी कशी?

तसा त्याचा माग फार पूर्वीच लागला होता. १७८५ साली कॅव्हेंडिशने हवेतील नायट्रोजनात ऑक्सिजन मिसळून, विजेच्या ठिणग्या सोडून, तयार होणारा वायू क्षारद्रावणात जिरवीत नेला, तेव्हा अखेरीस एक बुडबुडा काही केल्या जिरेना. तो मूळ नायट्रोजनाच्या एकशेविसाव्या हिश्श्याहून मोठा नव्हता. त्याने त्याची प्रामाणिकपणे नोंद केली, आणि नंतर शंभर वर्षे त्या नोंदीची दखल घ्यावी असे फारसे कोणाला वाटले नाही. हवेतून मिळविलेला नायट्रोजन संयुगांतून मिळविलेल्याहून लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम जड का भरतो, या एका क्षुल्लक तफावतीचा रॅलेने पिच्छा पुरविला, रॅम्झे त्यास येऊन मिळाला, आणि १८९४ साली आर्गॉन उजेडात आला.

गंमत अशी, की या पाहुण्याला दारात अडविणाऱ्यांत खुद्द मेंडेलीव्ह होता. चाळीसच्या आसपास अणुभार असलेला वायू पोटॅशियमशेजारी कोठे कोंबावा, हे न उमगून, तो तीन अणूंचा नायट्रोजनच असावा असे त्याने सुचविले. पण १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी गुंटूरला आलेल्या जान्सेनच्या काळापासून सूर्यप्रकाशातील एका पिवळ्या रेषेने खुणावणारा हेलियम १८९५ साली रॅम्झेला पृथ्वीवरच्या खनिजात गवसला, १८९८ साली निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन पाठोपाठ आले, आणि अखेर नवा रकाना उघडणे भाग पडले. तो उघडला कोठे? एकीकडे इलेक्ट्रॉन हिसकावण्यास टपलेले फ्लोरीन-क्लोरीन, दुसरीकडे पाण्यावर टाकताच जांभळट ज्योतीने पेटून धावणारे पोटॅशियम. या दोन उग्र कुळांमधली मेर म्हणून ही अलिप्त मंडळी बसली, आणि दोन्ही बाजूंच्या उग्रतेचे कारण त्यांच्यामुळेच उलगडले: प्रत्येकाला यांच्यासारखी इलेक्ट्रॉनरचना हवी असते.

परंतु अलिप्ततेलाही सारणीचा कायदा लागू आहे. रकान्यात खाली जावे तसतसे बाहेरचे इलेक्ट्रॉन अणुकेंद्रापासून दूर पडतात आणि त्यांवरची पकड सैल होते. झेनॉनची पकड ऑक्सिजनाच्या रेणूइतकीच आहे हे ध्यानी घेऊन नील बार्टलेटने १९६२ साली, व्हँकूव्हर येथे, ऑक्सिजनाचाही इलेक्ट्रॉन हिसकावणाऱ्या प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडच्या तांबड्या वाफेत रंगहीन झेनॉन सोडला; तत्क्षणी पिवळसर घन पदार्थ काचेवर जमला, आणि या कुळाच्या खात्यावर व्यवहाराची पहिली नोंद पडली.