अण्णा आणि बारा व्होल्ट

‘आमची बोट आहे’ असं मंडळाच्या पिकनिकला चुकून बोललो, की समोरच्याच्या डोळ्यांत एकदम आदर दिसायला लागतो. म्हणून आधीच सांगून टाकतो. आमची बोट म्हणजे १९७८ साली बांधलेली, वापरलेल्या कोरोलापेक्षाही स्वस्तात मिळालेली २७ फुटी शिडाची होडी. ॲनापोलिसजवळच्या एका मरीनात ती बांधलेली असायची.

२००६ च्या उन्हाळ्यात अण्णा सहा महिन्यांसाठी आले. त्यांनी उभं आयुष्य माझगाव डॉकमध्ये वायरमन म्हणून काढलेलं. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर खरा, पण डिग्री मिळताच कॉम्प्युटरकडे वळलेला, त्यामुळे टेस्टरशी संबंध बेताचाच!

अण्णा केबिनमध्ये उतरले, दिव्याचं बटण दाबलं. दिवा मिणमिणला. त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, "पॅनेल उघड."

मागे वायरींचं जंजाळ. निम्म्या जोडण्या नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या. खाऱ्या हवेनं आतलं तांबं हिरवं पडलेलं, ओढलं की भुकटी. आणि काचेच्या फ्यूजांपैकी एकावर चक्क चॉकलेटची चांदी.

"आधीच्या मालकाचे प्रताप," मी घाईघाईनं म्हटलं.

अण्णा तो फ्यूज तळहातावर घेऊन बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "शहात्तरचे गणपती आठवतात? जिन्याखालचा बोर्ड पेटला होता."

आठवत होतं. मी नऊ वर्षांचा होतो. चाळीचा जिना धुरानं भरलेला, पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा हात भाजलेला. मांडववाल्याच्या पोरानं वायरिंग बिघडवलं, असं सगळे म्हणाले. त्याचे पैसे कापले. आम्ही मुलांनीही त्याला ‘शॉर्टसर्किट’ म्हणून चिडवलं होतं.

"त्याचं काम चोख होतं. माळा वाढल्या म्हणून किटकॅट उडत होता. ऐन आरतीत अंधार नको, म्हणून मी त्यात जाड तार घातली. फ्यूज असतो वायरीला जपायला, दिव्याला नव्हे. मला कळत होतं. नंतर बोललो मात्र नाही."

बाहेर शिडाच्या दोऱ्या डोलकाठीवर आपटत होत्या.

"अण्णा, ती चांदी मी लावलीय. मे महिन्यात परतताना पुढचा दिवा गेला, मुलं बोटीवर होती, सुटा फ्यूज नव्हता. मग राहूनच गेलं."

"ठाऊक आहे. बाकी सगळं हिरवं पडलंय, चांदी तेवढी चकचकीत आहे." मग थोडं थांबून, "इथे पळायला जिनापण नाही रे."

पुढचे तीन शनिवार-रविवार आम्ही दोघं त्या बोटीत वाकून बसलो. बॅटरी आणि धक्क्यावरची वीज, दोन्ही आधी तोडली. प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली. गंमत रंगांची. अण्णांच्या हिशेबात काळी म्हणजे न्यूट्रल, अमेरिकेतल्या घरात काळीच लाइव्ह, आणि या बोटीत बारा व्होल्टची काळी निगेटिव्ह! म्हणून नव्या निगेटिव्ह वायरी आम्ही पिवळ्या घेतल्या, कल्हई केलेल्या तांब्याच्या. त्यांची जाडी बघून मी कुरकुरलो, तेव्हा अण्णांनी मला माझीच इंजिनिअरिंग शिकवली. शंभर वॉटच्या दिव्याला मुंबईत अर्धा अँपियरही लागत नाही, बारा व्होल्टवर आठाच्या वर लागतात. वायर बारीक असली की वाटेतच व्होल्टेज गळतं, म्हणून दिवा मिणमिणत होता.

जुनं पॅनेल काढून आठ ब्रेकरचं बसवलं. मुख्य फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत. तळातलं पाणी उपसणारा पंप मात्र पॅनेलवर घेतला नाही. तो स्वतःचा फ्यूज देऊन थेट बॅटरीला जोडला, म्हणजे आपण सगळं बंद करून घरी गेलो तरी तो चालेल. अण्णांचा हात आताशा थरथरायचा. त्यामुळे टर्मिनल ते धरायचे आणि क्रिम्पिंगचा पकड मी दाबायचा. झालं की ते प्रत्येक जोड हिसका देऊन बघत. दोन निघून आले, ते मी निमूटपणे पुन्हा केले.

तिसऱ्या रविवारी अंधार पडल्यावर ब्रेकर वर केले. नाकाडावर डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा दिवा लख्ख लागला. अण्णा धक्क्यावर उभे राहून बघत होते.

घरी येताना गाडीत ते त्या पोराचं नाव आठवायचा प्रयत्न करत होते. गाव संगमेश्वरकडचं, एवढंच आठवलं.