सातपैकी सहा

कॅन्सरमधून बाई वाचली की घरातले, नातेवाईक, कार्यकर्ते सगळे 'बरी झाली' म्हणून विषय संपवतात. मीही संपवला होता. माझी मावशी नवीन जालन्यात आमच्या शेजारच्या गल्लीत राहते. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. पाच आठवडे बाहेरून शेक (रेडिएशनला आमच्याकडे बायका 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात), सोबत दर आठवड्याला किमो, मग आतून शेक. हे सगळे संपून दोन वर्षे झाली. कागदावर आजार नाही. मी खुशीत होते.

मागच्या उन्हाळ्यात संस्थेच्या कामासाठी मला एक प्रश्नावली समजून घ्यायची होती. ईओआरटीसी ही युरोपातली कॅन्सर संशोधन संघटना. कॅन्सर रुग्णांच्या जीवनाची गुणवत्ता मोजण्यासाठी तिने तयार केलेली तीस प्रश्नांची प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली. ती जगभर वापरतात, मराठीतही आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तिला चोवीस प्रश्नांची वेगळी पुरवणी आहे. एम.ए. करताना मोजमापाच्या पद्धतींवर पानेच्या पाने लिहिली, पण माणसासमोर बसून कधी काही मोजले नव्हते. म्हटले, सराव घरच्याच माणसावर करू.

पहिल्याच प्रश्नाला अडले. मूळ प्रश्न असा आहे की, सामानाची जड पिशवी किंवा सुटकेस उचलण्यासारखे कष्टाचे काम करताना त्रास होतो का? मावशीने जन्मात सुटकेस उचललेली नाही. मी म्हटले, हंडा समज. ती म्हणाली, "हंडा म्या उचलीतच न्हाई आता. सून उचलती. उचलती अन् बोलती."

उत्तरे चारच आहेत: अजिबात नाही, थोडा, बराच, खूप. हंड्याचा त्रास 'अजिबात नाही', कारण ती उचलतच नाही. सुनेच्या बोलण्याला रकाना नाही. आमच्याकडे नळ रोज येत नाही. आला की घरातल्या प्रत्येक भांड्यात पाणी भरून ठेवावे लागते. त्या दिवशी जी बाई बसून राहते तिची घरातली किंमत काय होते, हे ज्याच्या घरात टाकीचे पाणी आपोआप येते त्याला कळणार नाही.

आता शेकाचे. ओटीपोटाला शेक दिला की मूत्राशय आणि गुदाशय या शेजारच्या अवयवांनाही इजा होऊ शकते. काही बायकांना वर्षांनंतरही वारंवार लघवी, जळजळ, शौचाची अचानक घाई हा त्रास राहतो. पुरवणीत त्यावर प्रश्न आहेत, ते योग्यच आहेत. पण खोलीला लागून संडास असलेली बाई आणि चार घरांत एक संडास असलेली बाई, दोघी 'बराच' याच शब्दावर खूण करतात. आकडा सारखा आला म्हणून जगणे सारखे होते का? मावशी तपासणीला छत्रपती संभाजीनगरला जायची असली की आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही. साठेक किलोमीटरचा एसटीचा रस्ता, मध्ये उतरता येत नाही. पाणी न प्यायल्याने जळजळ वाढते, हे तिला माहीत आहे. तरी पीत नाही. (खोटे का बोलू, सोयी झाल्यात. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. हे नसते तर मावशी तपासणीला गेलीच नसती.)

पुरवणीचा शेवटचा भाग शरीरसंबंधांचा. त्यातले काही प्रश्न गेल्या चार आठवड्यांत संबंध आला असेल तरच विचारायचे, नाही तर सोडायचे. शेकामुळे योनिमार्ग आखडतो, कोरडा पडतो, दुखतो. मावशीने मान हलवली, मी पुढचे प्रश्न सोडले. नंतर भांडी घासता घासता तीच बोलली. काका माडीवर झोपतात, ती खाली. दोन वर्षे झाली. कोणी कोणाला काही म्हटले नाही, अंथरूण मात्र वर गेले. प्रश्नावलीत ही कोरी जागा आहे.

आणि ताट. हे लिहायला मला जड जाते. मावशीचे ताट, वाटी, पेला वेगळा ठेवलेला आहे. घासून पालथा, कोपऱ्यात. आमच्या आजोबांना हॉटेलात बाहेर ठेवलेल्या कपातून चहा मिळायचा, ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक पोराला पाठ आहे. त्याच घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, एका बाईचा पेला वेगळा! हा आजार बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून पसरतो, ताटावाटीतून नाही. तो इतका सर्वसाधारण आहे की संबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी तरी होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. बाईच्या चारित्र्याचा इथे काही संबंध नाही. विषाणू नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो, पण त्याचा पेला कोणी वेगळा करत नाही.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. आपण हे भाषण दरवर्षी सांगतो. मोजायला मात्र बसत नाही.

तिसाव्या प्रश्नात एकूण जीवनाच्या गुणवत्तेला एक ते सातपैकी आकडा द्यायचा असतो. सात म्हणजे उत्तम. मावशी म्हणाली, "सहा लिही." मी पेन खाली ठेवला. सहा? "मेलेच व्हते की. लेकराचं लगीन पाहिलं. आन् काय पाह्यजे?"

ती खोटे बोलत नव्हती. पण हा सहा मी कोणाला सांगू? अमर्त्य सेन यांनी दाखवले होते की स्वतः सांगितलेल्या आजारांचे प्रमाण केरळात जास्त आणि बिहारात कमी निघते, आयुर्मान मात्र केरळाचे जास्त. जिथे चांगले बघितलेलेच नसते, तिथे तक्रारही उमटत नाही. गरीब बाईचा सहा आणि सुखवस्तू बाईचा चार एका तक्त्यात शेजारी ठेवले, तर गरीब बाई जास्त सुखी ठरते. मग तिच्यासाठी काही करायची गरजच काय, असे म्हणायला व्यवस्था मोकळी.

बायकांच्या पिशवीबद्दल मराठवाड्यातून आकडे बरेच बाहेर गेले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्यावरून जगाने तपासणीचे महत्त्व ओळखले. बीडमध्ये २०१९ साली ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींना 'ठेवली तर कॅन्सर होईल' अशी भीती घातली होती. म्हणजे कॅन्सर नसलेलीला त्या शब्दाने घाबरवून कापायचे, आणि असलेली अंगावरून जाते हे सांगायला लाजत उशिरा पोचणार. किती मेल्या, किती पिशव्या गेल्या, हे मोजले. वाचलेली कशी जगते हे मोजायला आम्ही दारात जायला हवे.

प्रश्नावली फेकून द्या, असे मी म्हणत नाही. दोन वर्षांत मावशीला लघवीबद्दल विचारणारी मी पहिली होते, तेही त्या कागदामुळे. पण त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी आता आपले प्रश्न लिहिते. पाणी कोण भरते? रात्री कुठे झोपता, जवळ कोण असते? ताट कुठे ठेवतात? तपासणीला सोबत कोण येते, त्याचा रोज बुडतो का?

हे पान मावशीला वाचून दाखवले तर तिने एक दुरुस्ती सांगितली. "तरास व्हतो का, असं नको इचारू. बाया न्हाईच म्हणत्यात. काय काय करायचं सोडलं, असं इचार."

मी लगेच तिलाच विचारले. कापूस वेचायला जायचे सोडले. माहेरी मुक्काम सोडला. लग्नाकार्यात पंगतीला बसणे सोडले. मग थोडा वेळ थांबून म्हणाली, चौदा एप्रिलची मिरवणूक सोडली. चार तास रस्त्यावर, जायचे कुठे?

यंदा मिरवणुकीच्या वाटेवर बायकांसाठी दोन ठिकाणी फिरते शौचालय ठेवा, असा अर्ज मी जयंती समितीला दिला आहे. एका कार्यकर्त्याने विचारले, डीजेच्या खर्चातून काढायचे का? मी हो म्हटले.