अण्णांचे चतुर

गेल्या वर्षी घर आवरताना अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या रोजनिश्या हाती लागल्या. शके १९०९च्या वहीत, सायखेड्याच्या घरी असताना, त्यांनी लिहिले होते : ‘सर्वपित्री. तिन्हीसांजेला अंगणावर चतुरांचा मोठा थवा. एकही बसेना.’ बस्स, एवढेच. पण वाचले आणि ते अंगण, ती उतरती उन्हे पुन्हा दिसू लागली.

त्याच सुमारास आमच्या प्राणिशास्त्र विभागातील एका सहकाऱ्यांकडून ‘जीबिफ’ या जागतिक नोंदसंग्रहाची ओळख झाली. २००१ साली स्थापन झालेल्या या संग्रहाचे कार्यालय कोपनहेगनला आहे. संग्रहालयांतील टाचलेल्या नमुन्यांपासून हौशी निरीक्षकांनी टिपलेल्या छायाचित्रांपर्यंतच्या नोंदी तेथे कोणालाही मोफत उतरवून घेता येतात. ‘ओडोनाटा’ हा गण निवडावा, नकाशावर नाशिक परिसर आखावा, की चतुर आणि टाचण्यांचा तक्ता हाती येतो. (बसल्यावर पंख पसरून ठेवतो तो चतुर, पाठीवर मिटून घेते ती बहुतेक वेळा टाचणी.) प्रत्येक ओळीत प्रजाती, दिनांक, अक्षांश-रेखांश आणि ठिकाणाच्या अचूकतेची मर्यादा हे रकाने असतात. उतरवून घेतलेल्या प्रत्येक तक्त्याला संदर्भात देता येईल असा कायमचा क्रमांकही मिळतो.

मला वाटले, अण्णांची नोंद येथे जायला हवी. तिथीवरून सप्टेंबर १९८७ निघाला. गाव तर ठाऊकच होते. “पण मॅडम, प्रजाती कोणती?” सहकाऱ्यांनी विचारले.

मी पुस्तके उघडली. भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर एफ. सी. फ्रेझर यांनी १९३३ ते १९३६ या काळात ब्रिटिश भारतातील चतुर-टाचण्यांवर तीन खंड लिहिले. पुढे २००९ साली चार्ल्स अँडरसन यांनी मालदीवमधील निरीक्षणांवरून मांडले, की ‘पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स’ हा चतुर भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावा. पावसाळा सरताना थव्याने फिरणारा, हवेतच घिरट्या घालणारा चतुर तो हाच. ‘एकही बसेना’ हे अण्णांचे दोन शब्द त्याला चपखल बसत होते. सायखेड्याच्या अंगणातून आफ्रिकेला निघालेला थवा! रकाना भरायला माझे बोट शिवशिवले.

मग वर्गात दरवर्षी शिकवते ते आठवले. हस्तलिखिताचे पान कसरीने खाल्ले असेल, तर संपादकाने तेथे आपल्या पसंतीचा शब्द घुसडू नये. जागा रिकामी सोडावी, तर्क तळटीपेत द्यावा. पाठचिकित्सेचा हा पहिला धडा विद्यार्थ्यांना सांगायचा आणि वडिलांच्या बाबतीत मोडायचा?

‘आयनॅचरलिस्ट’वर मी ती नोंद अखेर केवळ ‘चतुर’ एवढीच केली. तेथील नियमानुसार छायाचित्र वा ध्वनिमुद्रण नसलेली नोंद संशोधनयोग्य श्रेणीत जात नाही, आणि जीबिफकडे त्याच श्रेणीच्या नोंदी पाठवल्या जातात. म्हणजे अण्णांचा थवा कोपनहेगनला कधीच पोहोचणार नाही. प्रथम वाईट वाटले. पण त्यामुळे त्या नकाशाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ठिपका नाही म्हणजे तेथे चतुर नव्हते असे नव्हे. तेथे पाहणाऱ्याची नोंद आपल्यापर्यंत आली नाही, इतकेच. वाङ्मयेतिहासातील रिकाम्या शतकांबद्दलही आपण एवढे सावध असतो का?

यंदा सर्वपित्रीच्या आधीच्या रविवारी नांदूर मधमेश्वरला गेले. २०१९ साली रामसर यादीत आलेली ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा. सारे पक्ष्यांकडे दुर्बिणी लावून होते; मी काठावरच्या गवतात एका टाचणीसमोर अर्धा तास बसले. दोन छायाचित्रे बरी आली. दिनांक आणि ठिकाण लिहिले; प्रजातीचा रकाना जाणकारांसाठी मोकळा ठेवला.